कार्बोरेटरच्या गाडीला इंजेक्शनची टाकी: आधी पंप, मग पुठ्ठा, शेवटी पत्रा

जुन्या पद्मिनीला किंवा अ‍ॅम्बेसेडरला कार्बोरेटर काढून इंजेक्शन (दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवलं, इंजिन सुरूही झालं, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा गॅरेजात. वळणावर झटके मारते, दुपारी बंद पडते, मागून पेट्रोलचा वास येतो. मग ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक) बदला, सेन्सर बदला, इंजेक्टर धुवा, असं सगळं होतं. दोष बहुतेक वेळा मागे असतो, टाकीत.

आणि टाकीतली चूकही सहसा वेल्डरची नसते, क्रमाची असते. आपण उत्साहात बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) जाऊन आधी टाकी बनवून घेतो, मग तिच्यात बसेल असा पंप शोधत फिरतो. व्हायला हवं उलट. पंप, रिटर्नचा (जादा पेट्रोल परत येण्याचा) मार्ग, पातळी सांगणारा फ्लोट, फिलरची (पेट्रोल भरायची) नळी हे सगळं टेबलावर मांडलेलं असेल तेव्हाच पत्र्याला हात लावायचा. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर यांच्यासाठी दुकानात तयार इंजेक्शन-टाकी सहसा मिळत नाही, ती बनवूनच घ्यावी लागते. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## १. जुनी टाकी गाडीत असतानाच घ्यायची मापं

स्पॅनर उचलण्याआधी मल्टीमीटर उचला. जुन्या टाकीतला फ्लोट किती ओहम दाखवतो ते भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही स्थितींत लिहून ठेवा. काही गेज भरल्यावर जास्त ओहम मागतात, काही रिकामं झाल्यावर. नवा फ्लोट उलट्या जातीचा निघाला तर टाकी फुल असताना काटा तळाशी बसेल. डॅशबोर्ड उघडून गेज बदलण्यापेक्षा त्याच जातीचा फ्लोट शोधणं सोपं.

बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय तेही आत्ताच बघा. फार जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो. तसं असेल तर इंजेक्शनचं काम तिथेच थांबवा. आधी गाडी निगेटिव्ह अर्थवर आणायची, मग पुढचं.

एक कागदी गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, ती कामाआधी घ्या. गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घ्यायचा विचार असेल, तर चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. म्हणून बॉडी कापायची नाही, जुन्या टाकीचे बोल्ट आणि पट्टेच वापरायचे आणि मूळ टाकी जपून ठेवायची. उद्या पोराला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली तर आणता आली पाहिजे.

## २. पंप आणि रिटर्न ठरवणं

इथे घाई करू नका. पुढचे निम्मे निर्णय इथूनच येतात.

कार्बोरेटरला पेट्रोल जेमतेम ०.२ ते ०.४ बार दाबाने लागतं. बहुतेक पेट्रोल इंजेक्शनला लागतो ३ बार, म्हणजे साधारण दहापट. जुनी टाकी ही नुसती भांडं असते. तिच्यातून पेट्रोल ओढलं जातं आणि परत काही येत नाही. इंजेक्शनची टाकी ही चक्राचा भाग असते. पंप सतत पूर्ण धार देतो, इंजिन त्यातलं हवं तेवढं घेतं, बाकीचं टाकीत परततं.

किती परततं ते मोजून बघा. ६० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात ताशी साधारण १८ लिटर पेट्रोल पितं, ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर २० धरा. आयडलला तेच इंजिन तासाला एखाद लिटर घेतं. म्हणजे ताशी ८० लिटरचा साधा पंप लावला तरी सिग्नलवर उभ्या गाडीत ७९ लिटर परत येत असतं. ४० लिटरची टाकी अर्ध्या तासात पूर्ण एकदा फिरते. आता कोणाच्या तरी सांगण्यावरून ताशी २५५ लिटरचा रेसिंग पंप लावा. तीच टाकी साडेनऊ मिनिटांत फिरेल, आणि प्रत्येक फेरीत पेट्रोल तापलेल्या इंजिनाजवळून जाऊन येईल. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३ ला असताना हे पेट्रोल टाकीतच वाफ धरतं. ‘मोठा पंप म्हणजे सेफ’ हा समज इथे सपशेल खोटा ठरतो.

आता प्रश्न प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह) कुठे आहे याचा. दोन प्रकार आहेत:

रेग्युलेटर इंजिनाजवळ, रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) किंवा थ्रॉटल बॉडीत असेल तर मागून पुढे सप्लाय आणि पुढून मागे रिटर्न अशा दोन नळ्या लागतात.

रेग्युलेटर टाकीतल्या पंप-मॉड्यूलमध्येच असेल तर पुढे एकच नळी जाते, जादा पेट्रोल टाकीतल्या टाकीत सुटतं.

नव्या छोट्या गाडीचं मॉड्यूल आणून बसवणाऱ्यांची चूक ही असते की इंजिनावर एक रेग्युलेटर आणि मॉड्यूलमध्ये दुसरा. मग दाब कोण ठरवतंय हेच कळत नाही. उलटी चूक जास्त वाईट. कुठेच रेग्युलेटर नाही आणि पंप थेट बंद नळीवर ढकलतोय.

मी स्वतः मॉड्यूलच्या बाजूचा आहे, कारण पंप, जाळी, फ्लोट, रेग्युलेटर एकाच झाकणावर येतात आणि रस्त्यात बिघडलं तर सुटा भाग मिळतो. पण मॉड्यूलला स्प्रिंग असते आणि तिची दाबली जाण्याची मर्यादा असते. मॉड्यूल टेबलावर उभं करा, मोकळी उंची आणि पूर्ण दाबलेली उंची मोजा. टाकीची खोली या दोन्हींच्या मध्ये पडली पाहिजे. टाकी जास्त खोल झाली तर जाळी तळाला टेकत नाही आणि शेवटचे सहा-सात लिटर नुसते शोभेला राहतात.

तपासा: पंप किंवा मॉड्यूल, त्याची रिंग आणि गॅस्केट, फ्लोट, रेग्युलेटर, फिलरची नळी. पाचही वस्तू हातात आल्या का? ‘ते नंतर बघू’ असं एकाही वस्तूबद्दल म्हणावं लागत असेल तर पुढे जाऊ नका.

## ३. पुठ्ठ्याची टाकी

फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन टाकी पूर्ण आकारात बनवा आणि गाडीत लावून बघा. मिस्त्री हसतील, हसू द्या. पुठ्ठा पाच मिनिटांत कापता येतो, पत्रा नाही.

बघायचं ते असं: मागे चार माणसं बसल्यावर, पाट्यांच्या स्प्रिंग पूर्ण दबल्यावर, अ‍ॅक्सल टाकीला लागतो का? सायलेन्सरची नळी किती जवळ येते? १० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर मध्ये हीट शील्ड हवी. टाकीचा तळ मूळ टाकीपेक्षा खाली येत असेल तर सोसायटीतल्या स्पीडब्रेकरची आठवण ठेवा. टाकी डिकीत असेल तर मॉड्यूल वरून काढता येईल एवढी जागा वर आहे का? पंप बदलण्यासाठी टाकीच उतरवावी लागणं हा मूर्खपणा आहे, आणि तो मी केलेला आहे.

फिलरची नळी सरळ उतरती हवी. मध्ये पोट आलं की पेट्रोल तिथे अडतं आणि पेट्रोल पंपावरचा नॉझल दर अर्ध्या लिटरला खट् करून बंद होतो. टाकीच्या वरच्या भागातून फिलरच्या तोंडाजवळ येणारी वेगळी १२ मिलिमीटरची हवेची नळीही याच वेळी आखा.

## ४. जुनी टाकी काढणं

काम थोडं, धोका मोठा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी पेटते. ती खाली साचते, म्हणून गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी उभी करून टाकी सोडायची नाही. उघड्यावर करा. बॅटरीची अर्थ वायर आधी सोडा, ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा, मोबाइल आणि विडी लांब.

सावधान: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत सगळी वाफ असते. जुन्या टाकीवरच पंपाची रिंग वेल्ड करून देतो म्हणणारे भेटतील. ‘धुऊन घेतली की काही होत नाही’ हे वाक्य ऐकलं की तिथून निघा. शिवाय जुन्या टाकीच्या आतला सीलरचा लेप इथेनॉलने सुटून जाळीत अडकू शकतो.

## ५. टाकी बनवून घेणं

माझी पसंती ३०४ स्टेनलेसचा १.२ मिलिमीटर पत्रा आणि टिग वेल्डिंग. साधा पत्रा स्वस्त पडतो, पण ई-२० मधलं इथेनॉल ओलावा धरतं आणि आतून गंज धरला की तो थेट पंपाच्या जाळीवर येतो. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण ३ मिलिमीटरचं घ्यावं लागतं आणि चांगला वेल्डर हवा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मात्र नको, इथेनॉलशी त्याचं पटत नाही.

आत काय हवं हे फॅब्रिकेटरला तोंडी सांगू नका, चित्र काढून द्या. पाण्याच्या टाक्या आणि डिझेलच्या टाक्या रोज बनवणाऱ्या माणसाला खालच्या गोष्टी आपोआप सुचणार नाहीत.

पहिली, पंपाभोवतीचा डबा. साधारण २० बाय २० सेंटिमीटर, उंची १० सेंटिमीटर, वरून उघडा. तळाशी कोपऱ्यांत १०-१२ मिलिमीटरची छिद्रं, जमल्यास आत उघडणारी छोटी झडप. टाकी पाव भरलेली असताना वळण आलं की पेट्रोल एका बाजूला पळतं. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये (वाटीत) पेट्रोलचा साठा असायचा, त्यामुळे ते जाणवायचं नाही. इंजेक्शनमध्ये पंपाने क्षणभर हवा ओढली तरी इंजिन झटका देतं.

दुसरी, रिटर्नचं तोंड. ते या डब्याच्या आतच सुटलं पाहिजे, आणि तळाजवळ. माझ्या पहिल्या टाकीत ते वरच्या पत्र्याजवळ, डब्यापासून लांब होतं. पेट्रोल उंचावरून पडून फेसाळायचं, डबा कोरडा राहायचा, आणि बडोद्याजवळच्या पावागड डोंगरावर, माचीच्या घाटात प्रत्येक डाव्या वळणावर पद्मिनी मान टाकायची. तीन रविवार मी इग्निशनमध्ये डोकं घालून बसलो होतो. रिटर्न डब्यात आणल्यावर तो डबा परत येणाऱ्या धारेनेच भरलेला राहतो, टाकीत पाच लिटर असले तरी.

तिसरी, व्हेंट, म्हणजे टाकीत हवा ये-जा करण्याचं तोंड. टाकीच्या सर्वात उंच बिंदूवर, आतून किमान ६ मिलिमीटर, गाडी उलटल्यास बंद होणाऱ्या व्हॉल्व्हसह. व्हेंट चोंदला तर पंप टाकीतच पोकळी करतो. पत्र्यातून ‘टप्’ असा आवाज आला, किंवा झाकण उघडताना सूं करून हवा आत गेली, तर समजा व्हेंट बंद आहे. व्हेंटची नळी डिकीत सोडू नका. जुन्या गाड्यांत डिकी आणि मागच्या सीटच्या मध्ये कितीदा नुसता पुठ्ठा असतो. नळी आधी वर न्या, वळसा द्या, मग बाहेर काढा. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलं तेव्हा पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय. खाली लोंबणाऱ्या व्हेंटमधून पाणी टाकीत जातं, ते इथेनॉलला पेट्रोलपासून फोडतं आणि तो थर तळाशी, नेमका पंपाच्या जाळीपाशी बसतो.

चौथी, वरची मोकळी जागा. पेट्रोल दर अंशाला हजारात सुमारे एक भाग फुगतं. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल ४० लिटर भरून गाडी उन्हात लावली आणि ते २० अंशांनी तापलं, तर पाऊण लिटर वाढतं. फिलरच्या नळीचं आतलं टोक एवढं खाली ठेवा की टाकी ‘फुल’ झाल्यावरही वर वीसावा हिस्सा रिकामा राहील.

सावधान: टाकी घरी आल्यावर आत टॉर्च टाकून बघा. वेल्डिंगचे मणी, ग्राइंडिंगचा चुरा, एकदा तर कापडाचा बोळा. साबणाच्या गरम पाण्याने तीन वेळा धुवा आणि पूर्ण वाळवा.

## ६. गळती तपासणी

गॅरेजात काय करतात? कॉम्प्रेसरची नळी लावून देतात. हे करू नका. टाकीची वरची बाजू ५० बाय ८० सेंटिमीटर असेल तर नुसत्या अर्ध्या बार दाबाला तिच्यावर २००० किलोचं ओझं येतं. टाकी फुगते, वाकते, शिवण फाटते.

घरचा उपाय चांगला आहे. सगळी तोंडं बंद करा. एका तोंडाला पारदर्शक नळी लावून ती ‘यू’ आकारात भिंतीवर चिकटवा आणि निम्मी पाण्याने भरा. दुसऱ्या तोंडातून सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ५० सेंटिमीटरचा फरक पडला की ०.०५ बार झाला. तेवढ्यावर थांबा. सगळ्या शिवणींना साबणाचा फेस लावा आणि पंधरा मिनिटं थांबा.

हे संध्याकाळी, सावलीत करा. आतली हवा एक अंश गार झाली तरी पाण्यातला फरक साडेतीन सेंटिमीटरने उतरतो. उन्हातून आणलेली टाकी लगेच तपासली तर नसलेली गळती दिसेल, आणि सावलीतून उन्हात नेली तर असलेली गळती लपेल.

## ७. बसवणं आणि नळ्या

टाकी आणि बॉडीमध्ये रबरी पट्टी ठेवा, स्पंज नको, तो पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. रबरावर बसलेल्या टाकीला स्वतंत्र अर्थ वायर हवी.

लोखंडी किंवा स्टेनलेस नळ्या ८ मिलिमीटरच्या, चॅसीच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाने न्या. जिथे होज चढते तिथे नळीच्या टोकाला उठावदार कडा काढून घ्या. गुळगुळीत टोकावरून ३ बारला होज निसटते. होजवर ‘एसएई जे३० आर९’ छापलेलं असावं. ‘आर७’ म्हणजे कार्बोरेटरची. टाकीच्या आत बुडणारा तुकडा मात्र ‘आर१०’ हवा. बाहेरची आर९ होज आत बुडवली की तिचं वरचं आवरण फुगून सुटतं. हा फरक दुकानदाराला माहीत असेलच असं नाही, स्वतः छापील अक्षरं वाचा.

क्लिपही इंजेक्शनच्याच, पूर्ण गोल आवळणाऱ्या. भोकाभोकांची नेहमीची क्लिप होजला कुरतडते. फिल्टर पंप आणि इंजिन यांच्या मध्ये, १० मायक्रॉनचा, आणि हात पोचेल अशा जागी.

## ८. वायरिंग

पंपाला स्वतंत्र रिले, १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची वायर. इग्निशनच्या चावीतून थेट करंट देऊ नका, जुनी चावी वितळते. किल्ली फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंद चालून थांबला पाहिजे आणि इंजिन फिरू लागल्यावरच पुन्हा सुरू झाला पाहिजे. हे काम ईसीयूचं आहे. पंप थेट जोडला तर अपघातात इंजिन बंद पडूनही तो पेट्रोल ओतत राहील. भंगारातल्या नव्या गाडीचा इनर्शिया स्विच (धडक बसताच करंट तोडणारा) मिळाला तर तोही मध्ये घाला.

गाडीला अजून डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर. आयडलला दिवे लावून पंप, ईसीयू आणि इंजेक्टर पोसणं डायनॅमोच्या आवाक्याबाहेरचं आहे.

तपासा: पंप चालू असताना बॅटरीवरचा आणि पंपाच्या कनेक्टरवरचा व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर बारीक आहे किंवा अर्थ कच्ची आहे.

## ९. पहिलं पेट्रोल

रेलची नळी सोडून ती धातूच्या स्वच्छ डब्यात, पातळ सुती कापडावर सोडा. टाकीत दहा लिटर घाला आणि रिलेवरून पंप थोडा थोडा चालवा. कापडावर कण दिसेनासे होईपर्यंत हे करा. इंजेक्टर चोंदल्यावर हीच सफाई कितीतरी महाग पडते.

नळी जोडा, प्रेशर गेज लावा. ३ बार दिसला पाहिजे. रिटर्न असलेल्या गाडीत दाब त्याहून बराच वर गेला तर रिटर्न कुठेतरी दबलाय. पंप बंद केल्यावर काटा हळूहळू उतरावा, धाडकन नाही. मग कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाभोवती फिरवा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्याला कळतो.

आता पाच-पाच लिटर घालत गेजच्या काट्याची जागा वहीत लिहा. टाकीचा आकार बदललाय, त्यामुळे ‘अर्धी’ म्हणजे आता अर्धी नसेल.

## १०. रस्त्यावर

पहिल्या दिवशी हायवेला जाऊ नका. मोकळं मैदान बघा, टाकीत सात-आठ लिटरच ठेवा आणि दोन्ही दिशांना गोल फेऱ्या मारा, जोरात ब्रेक लावा. झटका आला तर कुठल्या बाजूच्या वळणावर आला ते लिहून ठेवा. पंपाचा डबा कुठे अपुरा पडतो ते त्यावरून कळेल. मग दुपारच्या उन्हात अर्धा तास आयडलवर उभी करा. नंतर पावागड, गर्दीचे दिवस सोडून, आणि टाकी पाव भरलेली असताना. हालोलपर्यंत सरळ रस्ता ठीक गेला म्हणून खूश होऊ नका, खरी परीक्षा माचीच्या चढात आहे.

२०० किलोमीटरनंतर फिल्टर बदला, जुना कापून आत बघा. टाकीचे पट्टे पुन्हा आवळा, रबर दबलेलं असतं. पाव टाकीच्या खाली रोज चालवायची सवय असेल तर सोडा, पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो.

आणि जुनी टाकी: पेट्रोल पूर्ण निथळून, उघड्यावर दोन-तीन दिवस सुकवून, आत थोडं इंजिन ऑइल फिरवा, सगळी तोंडं बुचं लावून बंद करा, वर गाडीचा नंबर रंगवा आणि माळ्यावर टाका. घरच्यांनी भंगारवाल्याला देऊ नये म्हणून त्यांनाही सांगून ठेवा.